उत्तरेच्या सज्जातली साक्ष

मुअल्ला फोनवर हसली आणि सित्कीने तोंडाशी नेलेला चहाचा पेला तसाच खाली ठेवला. ती हसत नाही असं नव्हतं. टीव्हीवर काही बघून हसे, शेजारणीच्या सुनेच्या गोष्टींवर हसे, सित्कीचा हरवलेला चष्मा त्याच्याच कपाळावर सापडला की हसे. पण आजचं हसू आणखी खालून, पोटातून कुठून तरी वर आलं होतं, आणि बत्तीस वर्षांच्या संसारात ते त्याच्या वाट्याला आलेलं नव्हतं. "अरे, तू ये तर खरा," ती फोनवर म्हणत होती. "अकरा वाजता, अंगणातल्या कारंज्यापाशी. पाय दुखतो तर काठी घेऊन ये, त्यात लाज कसली? आणि आपली साक्ष आहे हो अजून तिथंच. आज सज्जा उघडतोय, दाखवते तुला." फोन ठेवून तिनं उकडलेलं अंडं सोलायला घेतलं. "पांदेली आलाय अथेन्सहून," ती म्हणाली. "बहिणीचं घर आवरायचंय त्याला. आजच्या फेरीला येतो म्हणतो." सित्की म्हणाला, "बरं." मग एक ऑलिव्ह उचललं, परत बशीत ठेवलं आणि म्हणाला, "मीही येतो आज." मुअल्लाचा हात अंड्यावर थांबला. "तुम्ही?" तिनं विचारलं. "इतक्या शनिवारी बोलावलं तेव्हा म्हणालात, दोन वर्षं त्याच भिंतींवर थापी फिरवली, आता आणखी काय बघायचं?" "सज्जाचा गिलावा वाळला की नाही ते बघायचंय," तो म्हणाला. गिलावा वाळून तीन आठवडे झाले होते. हे त्याला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं.

तिला माहीत नव्हतं ते वेगळंच. ती साक्ष आता शाबूत नव्हती. ती त्यानं फोडली होती.

शहराच्या तटबंदीजवळच्या त्या जुन्या वास्तूला मोहल्ल्यात सगळे अंजिराची मशीद म्हणतात, कारण तिच्या घुमटाच्या बुडाशी विटांतून अंजिराचं झाड उगवायचं, कितीदा तोडलं तरी. आधी ती चर्च होती, मग मशीद झाली, मग कुलूप लागून कोठार झाली, मग म्युझियम व्हायची म्हणून तिची भिंत न् भिंत खरवडली, आणि आता डागडुजी होऊन पुन्हा मशीद झाली. सित्कीच्या आजाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, गिलावेवाल्याला त्याचं काय, भिंत ती भिंत. तीन पिढ्या हे लोक भिंती झाकत आले आणि सित्कीनं बायको केली ती भिंती उघड्या करणारी. मुअल्लाची उमेदीची वर्षं त्या इमारतीतच गेली, आणि आता दर शनिवारी ती लोकांना तीच फिरून दाखवायची. लहानशा धारदार पात्यानं चुन्याचे थर सोलून खालची चित्रं बाहेर काढायची, दिवसाला तळहाताएवढी जागा. मचाणावर तिच्याबरोबर पांदेली असायचा, इथलाच, जुन्या ग्रीक मोहल्ल्यातला. दोघं पाच वर्षं खांद्याला खांदा लावून एकाच भिंतीकडे बघत बसली. लग्न ठरण्याआधी, चहाच्या बागेत, तिनं सित्कीला सरळ सांगितलं होतं, "माझं एकाशी होतं. तो अथेन्सला गेला, आता नाही. तुम्हाला काय विचारायचं ते आत्ताच विचारून घ्या." आणि हा शहाणा उदार होऊन म्हणाला, "मला काही विचारायचं नाही." त्या वाक्याचा त्याला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. सासूबाई तर म्हणाल्याच, तो गेला ते बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. पण खोकला गेला नव्हता, तो सित्कीच्या छातीत येऊन बसला होता. एकदा विचारायचं नाही म्हटल्यावर नंतर कोणत्या तोंडानं विचारणार? काय होतं, किती होतं, अजून आहे का. बत्तीस वर्षं ते प्रश्न त्यानं गिळले. तिनं खिडकीतून बाहेर बघितलं की त्याला वाटे, तिकडेच बघते. ग्रीसमध्ये भूकंप झाल्याची बातमी आली आणि तिनं टीव्हीचा आवाज वाढवला, तर तो दोन दिवस धड जेवला नाही. तिला वाटलं पित्त झालंय, तिनं पुदिन्याचा काढा करून दिला आणि त्यानं तो पिऊनही टाकला.

साक्ष म्हणजे काही मोठी गोष्ट नसते. भिंतीला तडा दिसला की त्या तड्यावर आडवी, हाताच्या पंजाएवढी, जिप्समची पट्टी थापतात. ओली असतानाच तिच्यावर खिळ्यानं तारीख कोरतात आणि दोन अक्षरं, एक लावणाऱ्याचं, एक तपासणाऱ्याचं. जिप्सम फार ठिसूळ. भिंत केसभर जरी हलली तरी ते आधी तडकतं आणि सांगतं की तडा जिवंत आहे. न तडकता राहिलं तर भिंत स्वस्थ. सित्कीनं जन्मात अशा शंभर साक्षी लावल्या असतील. त्याचा स त्या शंभरांवर आहे, शेजारी कुठल्या कुठल्या इंजिनियरांची अक्षरं आहेत, आणि त्यातल्या एकाही इंजिनियरशी त्याचं काही नव्हतं. नियम तो नियम. हे सगळं त्याला कळत होतं. तरी तीन आठवड्यांपूर्वी, उत्तरेच्या सज्जात विजेच्या तारेचं भोक बुजवताना, त्यानं दिवा वळवला आणि तिरप्या उजेडात ती पट्टी दिसली. चौदा मे एकोणनव्वद. म. प. आणि दोन्ही अक्षरं एकाच हातची होती. मुरंब्याच्या बाटल्यांवर मुअल्ला जे लिहिते तेच हे वळण, म चा एक पाय लांब. म्हणजे तिनं स्वतःचं अक्षर कोरलं आणि मग त्याचंही तिनंच कोरलं. तो शेजारी उभा असेल, हात जिप्समनं भरलेले, म्हणाला असेल, माझंही तूच लिही. दोघं हसली असतील. एवढंच. त्या एवढ्याशा गोष्टीनं सित्कीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. माणसं चहाला खाली गेली होती. त्यानं हातोडी उचलली आणि पट्टीच्या मधोमध एक घाव घातला.

घाव घातल्यावर एक श्वासभर त्याला फार बरं वाटलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. दुसऱ्या श्वासाला त्याच्यातला गवंडी जागा झाला. चौतीस वर्षं ज्या भिंतीनं केसभर जागा सोडली नव्हती तिच्यावर त्यानं हलल्याचा आळ घेतला होता. झाकून टाकावं तर साक्षीवर गिलावा चढवणारा गवंडी त्या शहरात पुन्हा कामाला लागत नाही. नवी लावावी तर त्यावर एकोणनव्वदची तारीख घालणं म्हणजे निव्वळ लबाडी. शेवटी त्यानं खाली सांडलेला चुरा फुंकून साफ केला, संध्याकाळी घरी गेला, मुअल्लानं तळलेले मासे खाल्ले आणि छान झालेत म्हणाला, एरवी तो असं कधी म्हणत नसे.

अंगणात अकराला दहा-बारा जणं जमली. मुअल्लानं डोक्याला करडा रुमाल बांधला होता, सैलसा. काठी टेकत एक बुटका, टक्कल पडलेला म्हातारा आला, कोटाची बटणं वर-खाली लागलेली. सित्की त्याच्या मागे बघत राहिला, कुणी उंचापुरा माणूस येतोय का म्हणून. तोवर मुअल्लानं पुढे होऊन त्या म्हाताऱ्याची बटणं सोडली आणि नीट लावून दिली. बोलत बोलत, लक्षही न देता लावली, जशी ती आयुष्यभर सित्कीची लावत आली होती. सित्कीला वाटत होतं की ती बटणं लावायची रीत फक्त त्याच्यासाठी आहे. मग तो म्हातारा त्याच्याकडे वळला. "तुम्ही सित्की उस्ताद," पांदेली म्हणाला. "बाहेरच्या ओसरीचा गिलावा तुमचाच ना? मघाशी हात फिरवून आलो. चुना-सुरखी अशी घोटणारा हात मी तिकडे शोधून शोधून थकलो हो. अलेक्सिस म्हणून एक होता, तोही गेला."  माणूस घमेंडखोर निघाला असता, देखणा निघाला असता, निदान अत्तर लावून आला असता तर किती सोयीचं झालं असतं. हा तर त्याच्या कामाची पारख असलेला निघाला. मुअल्लानं इतक्या वर्षांत त्याच्या एकाही भिंतीवरून हात फिरवून बघितलं नव्हतं, आणि बघितलं असेल तर त्याला सांगितलं नव्हतं.

जोडे हातात घेऊन सगळे आत गेले. आतला गालिचा तिरका अंथरलेला आहे, कारण इमारत एका दिशेला तोंड करून आहे आणि नमाज दुसऱ्या दिशेला पढायचा असतो. आत पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस नकळत एक खांदा पुढे काढून उभा राहतो. मुअल्ला बोलू लागली. सित्कीनं तिचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. घरी ती भाजीबद्दल, पाण्याच्या नळाबद्दल, मुलीच्या बाळंतपणाबद्दल बोलायची तो आवाज वेगळा. हा निवांत होता, स्वतःच्या घरात वावरणाऱ्या बाईचा. ती हात वर करून घुमटाकडे दाखवे आणि सगळ्यांच्या माना वर होत, फक्त पांदेलीची होत नसे. तो तिच्याकडे बघत असे आणि तिच्याआधी ओठांतल्या ओठांत पुढचं वाक्य म्हणत असे. त्याला पुढचं वाक्य ठाऊक होतं. सित्की खांबाला टेकून उभा राहिला आणि मोजू लागला. ती किती वेळा पांदेलीकडे बघते? सात. आपल्याकडे? एकदा, तेही त्याच्या मोज्याला भोक होतं म्हणून.

पूर्वेच्या भिंतीपाशी ती थांबली. तिथं संतांची रांग आहे, आणि नमाजाच्या वेळी तिच्यावर ओढायचा पडदा बाजूला सारलेला होता. संतांच्या अंगभर, झग्यांवर, गालांवर, बोटाच्या पेराएवढे खड्डे. जांभळा रुमाल बांधलेल्या एका बाईनं विचारलं, "अगं बाई, हे कुणी केलं? इतका राग?"

"राग नाही, काम," मुअल्ला म्हणाली. "गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरत नाही. वर थर द्यायचा तर आधी खाली टाचे मारावे लागतात. हे टाचे बघा, सगळे सारखे, सारख्या अंतरावर, एकाच तिरप्या रोखानं. सकाळी भाकरी बांधून आणलेल्या माणसानं मारलेले आहेत. त्याला संतांशी काही देणंघेणं नव्हतं."

"आणि रागानं मारलेला कसा ओळखायचा?" बाई सोडायला तयार नव्हती.

"तो एकटा असतो," मुअल्ला म्हणाली. "आणि नेमका मधोमध असतो."

पांदेली हसला. सित्कीच्या कानामागून घामाचा थेंब सदऱ्यात उतरला. चोराच्या मनात चांदणं, तसं त्याला वाटलं की सगळी माणसं वळून त्याच्याकडे बघताहेत. बघत कुणीच नव्हतं. निघून जावं का? अजून जोडे हातातच होते. पण निघून गेलो तर ती दोघं त्या पट्टीपुढे एकटी उभी राहतील, हे त्याला फोडल्याचं उघडकीला येण्याच्या भीतीपेक्षाही सोसवेना. दोन भीतींच्या मध्ये माणूस कसा चेंगरतो बघा. पकडलं जाण्याची लाज एका हाताला आणि त्यांना एकटं सोडण्याचा जाळ दुसऱ्या हाताला, आणि त्यात जाळ जिंकला. सज्जाकडे जाणारा जिना अरुंद आहे. मुअल्ला पुढे, मागे पांदेली एकेक पायरी काठी टेकत, त्याच्या मागे सित्की. एका पायरीवर पांदेलीचा तोल गेला तेव्हा सित्कीनंच त्याला दंडाला धरून सावरलं. कोटाच्या आत दंड पोरासारखा बारीक होता. पांदेली म्हणाला, "सुखी राहा, उस्ताद." त्या क्षणी सित्कीला स्वतःची अशी किळस आली की त्याचा हात सैल पडला, पण असूया काही सैल पडली नाही. ती त्या बारीक दंडाचीसुद्धा वाटत होती. तरुणपणी हा दंड मचाणावर मुअल्लाच्या दंडाला लागून असेल.

वर गेल्यावर माणसं कठड्याकडे धावली, खाली बघायला, फोटो काढायला. मुअल्ला सरळ उत्तरेच्या कोपऱ्यात गेली. पांदेली गेला. सित्की चार पावलांवर उभा राहिला. तिनं पर्समधून छोटी बॅटरी काढली आणि भिंतीलगत धरून उजेड तिरपा पाडला. सित्कीलाही तशी सवय होती. दोघांचा धंदा एकाच भिंतीचा.

पट्टीच्या मधोमध खड्डा होता आणि त्यातून चार रेघा चार बाजूंना गेल्या होत्या. म शाबूत होता. प च्या पोटातून एक रेघ गेली होती.

 मुअल्लानं बोट खड्ड्यात घातलं, फिरवलं, मग तड्यावरून वर नेलं, खाली आणलं. पांदेली चष्मा पुसून वाकला. "भिंत हललेली नाही," तो म्हणाला. "हलली असती तर तड्याच्या रेघेनं सरळ फुटली असती. ही तर..." आणि तो थांबला, कारण मुअल्ला मान वळवून सित्कीकडे बघत होती. सित्की भिंतीकडे बघत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. बहुधा एखादी बाई फोटो काढून दुसरीला कॅमेरा देईल इतकाच.

"सामान हलवताना कुणाचा तरी पाइप लागला असणार," मुअल्ला मोठ्यानं म्हणाली, जमलेल्यांना ऐकू जाईल असं. "कामाच्या गर्दीत होतं असं. आपले उस्ताद सोबतच आहेत, ते आत्ता नवी लावून देतील. पांदेली, तू या मंडळींना त्या टोकाचे देवदूत दाखव. पंखांची गोष्ट तू सांगायचास तशी मला येत नाही."

पांदेलीनं दोघांकडे एकदा बघितलं. त्याला कळलं. ते सित्कीला दिसलं, आणि आणखी वाईट म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. "चला, चला," तो काठी उचलून लोकांना म्हणाला, "नमाजाच्या आत आटपायला हवं."

सज्जाच्या मागच्या कोनाड्यात सित्कीच्याच माणसांनी ठेवलेली अर्धी जिप्समची पिशवी होती, घमेलं होतं, बाटलीत पाणी होतं. त्यानं गुडघे टेकून जिप्सम कालवलं. कालवण नीट आलं. हातांना धन्याच्या अब्रूशी कर्तव्य नसतं. जुनी पट्टी त्यानं काढली नाही, तिच्या खाली वीतभर अंतरावर नवी थापली, कडा थापीनं सारख्या केल्या. मुअल्ला शेजारी उभी राहून बघत होती. एखाद्या कामगाराच्या पाठीशी मुकादम उभा राहतो तशी.

"एकच घाव?" तिनं विचारलं.

"एकच."

"मासे तळले होते त्या दिवशी?"

"हो."

"छान झालेत म्हणालात," मुअल्ला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "बत्तीस वर्षं विचारायला तोंड नव्हतं आणि मारायला हातोडी होती."

सित्कीनं खिशातून खिळा काढला आणि ओल्या पट्टीवर आजची तारीख कोरली. मग स कोरला. वेडावाकडा आला. शेजारी तपासणाऱ्याची जागा सोडली. त्याचा खिळा धरलेला हात तिच्या दिशेनं वर झाला, पण तिनं खिळा घेतला नाही. तेव्हा त्यानं विचारलं. इतकी वर्षं दाबून धरलेला प्रश्न बाहेर आला तो अगदी लहान होऊन आला, वाण्याकडे मीठ आहे का विचारावं तसा. "तुझं त्याच्यावर... अजून आहे?"

मुअल्ला पलीकडे बघत होती. देवदूतांच्या पंखांखाली पांदेली काठी वर करून काही सांगत होता आणि जांभळ्या रुमालाची बाई मान डोलवत होती.

"होतं," ती म्हणाली. "लग्नानंतरही होतं, दोन-तीन वर्षं. खोटं कशाला सांगू? तुम्ही विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. पुढं नव्हतं. कुठल्या दिवशी संपलं ते मलाच कळलं नाही, तर तुम्हाला काय सांगणार? गीझर बिघडला, आई गेली, मुलगी झाली. कधीतरी त्यातच. आज तो आला तर मला आनंद झाला, तो जुना माणूस म्हणून झाला. माझी विशी बघितलेला आता दुसरा कोण उरलाय?"

"सकाळी तू हसलीस फोनवर."

"हसले. हसेन," ती म्हणाली.

 सित्कीला वाटलं होतं, उत्तर मिळालं की काळजावरचा दगड उतरेल. उत्तर मिळालं होतं, चांगलं मिळालं होतं, नव्हतं असं ती म्हणाली होती. आणि तरी त्याच्या मनानं त्या उत्तरातून नेमकी ती दोन-तीन वर्षं उचलली आणि चघळायला घेतली. पहिलं वर्ष. नवरा-बायको दोघं समुद्रकाठी राहायला गेली होती ते वर्ष. तेव्हाही होतं. त्याच्या डोळ्यांत ते उमटलं असावं, कारण मुअल्लानं बॅटरी बंद करून पर्समध्ये टाकली आणि रुमाल सारखा केला.

"आपण साक्ष कुठं लावतो, सित्की उस्ताद? भिंत हलेल अशी धास्ती असते तिथंच ना?" ती म्हणाली. "पांदेलीबद्दल मला पहिल्या दिवसापासून धास्ती होती. हा जाणार, हा टिकायचा नाही. तुमच्याबद्दल मला एक दिवसही वाटली नाही. तुमच्यावर मी कधी साक्ष लावली नव्हती." तिनं पर्स खांद्याला अडकवली. "आता लावावी लागेल."

एवढं बोलून ती देवदूतांकडे गेली. जाताना तिनं लोकांना सांगितलं की नमाजाला वीस मिनिटं राहिलीत, जिन्यावरून सावकाश उतरा. पांदेलीच्या हाताला धरून तिनं त्याला पहिली पायरी दाखवली. सित्की उठला नाही. त्यानं पट्टीवर तळवा टेकवला. जिप्सम धरायला लागलं की गरम होतं, तसं ते गरम झालं होतं. जिन्यावरचे आवाज खाली गेले, मग गालिच्यावर पोचून बंद झाले. खाली कुणीतरी संतांवरचा पडदा ओढला, त्याच्या कड्या दांडीवरून सरकल्या. थोड्या वेळानं त्यानं खिळ्याचं टोक तपासणाऱ्याच्या जागेवर टेकवून बघितलं. पट्टी पक्की झाली होती. आता तिथं कुणाचंच अक्षर कोरता आलं नसतं.